टोचनाचा दोर आणि सार्वजनिक जबाबदारी

एसटीची गाडी रस्त्यात बंद पडली, याची बातमी होत नाही. ती पुलावरून कोसळली, तिला आग लागली, तिच्यातील माणसे दगावली, म्हणजे बातमी होते. मंत्री मदत जाहीर करतात आणि चौकशीचा आदेश निघतो. परंतु बंद पडणे आणि कोसळणे या दोहोंच्या मध्ये एक टप्पा असतो. गाडी रस्त्याच्या कडेला, कधी रस्त्याच्या मधोमध उभी असते. प्रवासी खाली उतरलेले असतात. मागेपुढे दगड आणि बाभळीच्या फांद्या टाकलेल्या असतात. केव्हातरी दुसरी गाडी येते, दोर बांधते आणि तिला ओढून आगारात नेते. आपल्याकडे याला टोचन म्हणतात. या टोचनाकडे प्रशासनाने धोरणाचा विषय म्हणून फारसे पाहिलेले नाही, आणि खरे सांगायचे तर चळवळीनेही पाहिलेले नाही. भाडेवाढ, पगार, विलीनीकरण, खाजगीकरण या प्रश्नांवर आपण मोर्चे काढले. बंद पडलेली बस सुरक्षितपणे उचलून नेण्याची सोय कोठे आहे, हा प्रश्न मात्र आपण आगारातील कारागिराच्या हुशारीवर सोडून दिला.

प्रस्तुत लेखाचा मुद्दा एवढाच आहे की, हा प्रश्न कारागिराच्या हुशारीचा नाही. तो सार्वजनिक सेवेच्या अंगभूत जबाबदारीचा आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात तो मांडण्याचे कारण असे की, येथे रस्त्यावरची बस हा अनेक पर्यायांपैकी एक पर्याय नसून बहुसंख्य माणसांसाठी तोच एकमेव पर्याय आहे.

रस्त्यावर अवलंबून असलेला मुलूख

नकाशा समोर ठेवावा. नांदेड आणि लातूर ही मराठवाड्यातील दोन मोठी शहरे शेजारच्या जिल्ह्यांत आहेत. परंतु त्यांच्यामध्ये सरळ लोहमार्ग नाही. रेल्वेने जायचे तर पूर्णा, परभणी, परळी असा वळसा घालून लातूर रोडमार्गे पोचावे लागते. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात रुंद लोहमार्गाची मागणी अग्रभागी होती. रूळ पुढे रुंद झाले, पण वळसा तसाच राहिला. म्हणून लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेने जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ हाच या दोन शहरांचा खरा दुवा आहे. उत्तरेकडून हिंगोली, नांदेड, देगलूर असा तेलंगणात उतरणारा १६१ क्रमांकाचा महामार्ग दुसरा. या दोन पट्ट्यांच्या बाहेर किनवट, माहूर, मुखेड, कंधार, निलंगा, औसा, उदगीर या तालुक्यांतील खेडी आहेत, आणि तेथे पोचणारे सार्वजनिक वाहन म्हणजे एसटी.

या भागातील प्रवासी बसचा इतिहासही सार्वजनिक मालकीचाच आहे. हैदराबाद संस्थानच्या रेल्वेने १९३२ साली सत्तावीस बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही पहिली एसटी धावली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि निजामी राजवटीचा हा वारसा एसटीत मिसळला. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ब्रीद ज्या महामंडळाने स्वीकारले, त्याची गाडी नफ्यासाठी नव्हे तर गावासाठी धावावी, ही अपेक्षा म्हणूनच नवी नाही.

आज या गाडीत कोण बसते? लातुरात आणि नांदेडात शिकवणी वर्गांसाठी आलेली खेड्यांतील मुले, पासावर शाळेत जाणाऱ्या मुली, बाजाराला निघालेल्या स्त्रिया, दवाखान्याला निघालेले म्हातारे. २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट मिळाले, तेव्हा या वर्गाने एसटीवर पुन्हा विश्वास टाकला. ज्याच्याकडे मोटार आहे त्याची गाडी बंद पडली तर तो फोन करतो. हिवाळ्यात संध्याकाळी सहानंतर एखाद्या फाट्याजवळ बस बंद पडली, तर अंधारात उभी राहते ती बारावीची मुलगी. पुढची बस येईल की नाही हे तिला ठाऊक नसते आणि घरी कळवण्यासाठी तिच्यापाशी फोन असेलच असेही नाही. तेव्हा बंद गाडी किती वेळात आणि किती सुरक्षितपणे हलते, हा प्रश्न यांत्रिक दिसला तरी तो वर्गाचा आणि स्त्रीच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

उचलणे निराळे, नेणे निराळे

या विषयात घोषणा देण्यापूर्वी थोडे यंत्रशास्त्र समजून घेणे कार्यकर्त्यांना आवश्यक आहे. कारण अधिकाऱ्यांसमोर बसल्यावर नेमके बोलता आले नाही, तर मागणीची बोळवण आश्वासनावर होते.

साधी एसटी बस रिकामी असतानाही नऊ-दहा टनांच्या घरात जाते. सपाट डांबरी रस्त्यावर मोकळ्या चाकांनी ती ढकलत न्यायला शंभर-दीडशे किलोचा जोर पुरतो. म्हणूनच आठ-दहा प्रवासी मिळून बस ढकलतात हे दृश्य आपण पाहतो. परंतु वीसास एक असा चढ लागला की त्यात आणखी पाचशे किलोंची भर पडते. आणि पावसाळ्यात साइडपट्टीवर उतरलेली बस काळ्या मातीत धुऱ्यापर्यंत रुतली, तर तिला बाहेर काढायला तिच्या स्वतःच्या वजनाइतका, कधी त्याहूनही अधिक जोर लागू शकतो. बालाघाटाच्या रांगांचे चढउतार आणि कापसाची काळी माती ही दोन्ही या दोन जिल्ह्यांत आहेत. सपाट रस्त्यावर चालून गेलेली युक्ती येथे दोर तोडते. आणि ताणलेला तारेचा दोर तुटतो तेव्हा तो जमिनीवर पडत नाही. चाबकासारखा उलटतो आणि समोर असेल त्याला कापतो. ताणलेल्या दोराच्या आसपास कोणीही उभे राहू नये, हा या कामातील पहिला नियम आहे. आपल्याकडे मात्र नेमकी तेथेच बघ्यांची गर्दी जमते.

दुसरी गोष्ट ब्रेकची. आजच्या बसचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो. इंजिन बंद पडले आणि टाकीतील हवा उतरली की मागच्या चाकांवरील स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळला जातो. ही सुरक्षिततेचीच योजना आहे. परंतु अशी गाडी तशीच ओढली तर चाके फिरत नाहीत, ती घासत जातात. म्हणून ओढणाऱ्या वाहनातून नळीने हवा द्यावी लागते, किंवा स्प्रिंग ब्रेकचा बोल्ट फिरवून तो हाताने मोकळा करावा लागतो. आता दुसरा धोका सुरू होतो. बोल्ट फिरवून ब्रेक मोकळा केला आणि हवा दिली नाही, तर त्या गाडीला ब्रेकच उरत नाही. ती उतारावर केवळ दोराने बांधलेली असेल, तर पुढचे वाहन थांबेल आणि मागचे दहा टन थांबणार नाहीत. दोराला ओढता येते, रोखता येत नाही. हे काम ताठ लोखंडी दांडाच करू शकतो.

तिसरी गोष्ट गिअरबॉक्सची. बस न्यूट्रलमध्ये आहे म्हणून ती निर्धास्त ओढावी, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. मागची चाके जमिनीवर फिरत राहिली की शाफ्टद्वारे गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरतो. पण इंजिन बंद असल्याने तेल उडवणारा भाग फिरत नाही. वीस-पंचवीस किलोमीटर असे नेले की कोरड्या बेअरिंगा जळतात. दुरुस्त होण्याजोगी बस आगारात पोचेपर्यंत निकामी होते. म्हणून मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडवून मगच गाडी ओढावी, हा नियम आहे. रात्री, पावसात, गाडीखाली चिखलात झोपून हे बोल्ट सोडवणारा माणूस कोण, याचा विचार पुढे करू.

चौथी गोष्ट क्रेनची. अपघात झाला की गावोगावी हायड्रा किंवा जेसीबी बोलावतात. हायड्रा हे मुळात कारखान्याच्या आवारात माल हलवण्याचे यंत्र आहे. ते बस उचलते, यात शंका नाही. पण उचलणे आणि नेणे या निराळ्या गोष्टी आहेत. हिशोब सोपा आहे. वाहनाच्या पुढच्या-मागच्या धुऱ्यांत पाच मीटर अंतर आहे आणि बस मागच्या धुऱ्यापासून दोन मीटर मागे अडकवलेली आहे असे समजा. बसच्या पुढच्या बाजूचे चार टन उचलले, तर ओढणाऱ्या वाहनाच्या मागच्या धुऱ्यावर चार नव्हे, ५.६ टन भार वाढतो आणि पुढच्या धुऱ्यावरून १.६ टन कमी होतो. तरफेचा हा शाळेतील नियम आहे. वाहन हलके असेल तर त्याची पुढची चाके रस्त्यावर नावापुरती टेकलेली राहतात. सुकाणू फिरते, गाडी वळत नाही. म्हणूनच बस ओढण्यासाठी अवजड वाहन लागते. त्याचा सांगाडा वजनदार आणि लांब असावा लागतो, खालून धुऱ्याला आधार देऊन उचलणारी भुजा असावी लागते, रुतलेली गाडी काढण्यासाठी तारेचे रहाट असावे लागते, हवेची नळी आणि मागे लावायचे जादा दिवे असावे लागतात. बंपरला साखळी घालून बस उचलणारी क्रेन हे काम करीत नाही, कामाचे सोंग करते.

अशा वाहनाचा जन्मही हातघाईतूनच झाला. अमेरिकेतील चॅटनूगा गावी एका मित्राची मोटार ओढ्यात पडली, तेव्हा फळ्या, दोर आणि अर्धा डझन माणसे लावून ती काढताना दमलेल्या अर्नेस्ट होम्स नावाच्या मोटारदुरुस्ती करणाऱ्याने १९१६ साली आपल्या गाडीवर तीन खांबांची कप्पी बसवली. पहिली टो-गाडी ती. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला; आपल्या खेड्यातील फाट्यावर फळ्या, दोर आणि अर्धा डझन माणसे अजून तशीच आहेत.

कायदा आहे, साधन नाही

या बाबतीत नियम नाहीत असे कोणी समजू नये. मोटार वाहन कायदा १९८८ चा. वाहन धोकादायक स्थितीत रस्त्यावर सोडू नये आणि सोडलेले वाहन पोलिसांनी हलवावे, या दोन्ही तरतुदी त्यात आहेत. १९८९ च्या रस्ता-नियमावलीत टोचनासंबंधी स्वतंत्र नियम घातला गेला. ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या सुकाणूवर परवानाधारक चालक असावा, किंवा त्याची पुढची चाके उचलून पक्की बांधलेली असावीत. दोन वाहनांतील अंतर पाच मीटरपेक्षा अधिक नसावे. दोर वा साखळी इतरांना सहज दिसेल अशी असावी. मागे ठळक अक्षरांत फलक असावा. वेग अगदी मंद असावा. नियमाचा आशय शहाणपणाचा आहे, यात वाद नाही.

परंतु कायदा कागदावर आणि साधन गोदामातही नाही, अशी स्थिती असली म्हणजे कायद्याचे रूपांतर शिक्षेच्या हत्यारात होते. आगाराकडे ताठ दांडा नाही, फलक नाही, दिवे नाहीत; तरीही ‘गाडी लवकर आणा’ असा निरोप येतो. कारागीर मिळेल तो दोर बांधतो. गाडी सुखरूप आली तर कोणी विचारीत नाही. वाटेत मागून ट्रक धडकला, तर नियमभंगाचा ठपका त्याच्या माथी येतो. ज्याने साधन दिले नाही तो कागदावर निर्दोष आणि ज्याने साधनाविना काम केले तो गुन्हेगार, हा न्याय आपल्या श्रमिकांच्या परिचयाचा आहे. येथे तो पुन्हा भेटतो एवढेच.

राष्ट्रीय महामार्गांची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे टोल घेणाऱ्या कंत्राटदाराने क्रेन आणि रुग्णवाहिका ठेवावी अशी अट असते. १०३३ हा मदतीचा क्रमांक असतो. ही क्रेन बसचे वजन पेलणारी आहे काय, तिच्यावर हवेची नळी आहे काय, रात्री दोन वाजता ती निघते काय, हे तपासून पाहण्याजोगे आहे. आणि महामार्ग सोडून बस मुखेडकडे किंवा माहूरकडे वळली की तो क्रमांकही मागे राहतो. टोल आहे तेथे क्रेन आणि टोल नाही तेथे बाभळीची फांदी, अशी ही विभागणी आहे.

गाडीखालचा माणूस

आता गाडीखाली झोपणाऱ्या माणसाकडे येऊ. रस्त्यावर बंद पडलेल्या वाहनापाशी काम करणे हे जगभर धोक्याचे काम मानले जाते. चॅटनूगा येथे टो-गाड्यांचे जे संग्रहालय आहे, त्याच्या आवारात कामावर असताना प्राण गमावलेल्या टो-चालकांच्या नावांची भिंत उभारलेली आहे. यांतील अनेकांचा मृत्यू यंत्राने नव्हे, तर शेजारून भरधाव जाणाऱ्या वाहनांनी झालेला असतो. म्हणून अमेरिकेतील राज्यांनी कायदे करून, रस्त्याकडेला असे वाहन काम करीत असेल तर इतरांनी शेजारची मार्गिका सोडावी वा वेग कमी करावा, असे बंधन घातले. अमेरिका काही समाजवादी देश नव्हे. परंतु तेथेही या कामगाराचा जीव कायद्याच्या नजरेत मोजला गेला.

आपल्याकडे या कामगाराचे नावही लोकांना ठाऊक नसते. चालक आणि वाहक प्रवाशांना दिसतात. कारागीर दिसत नाही. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील प्रदीर्घ संपात एसटी कामगारांच्या हलाखीची चर्चा महाराष्ट्राने ऐकली. त्या चर्चेत पगाराचा आकडा आला आणि तो यायलाच हवा होता. पण साधनांचा प्रश्न वेतनाच्या प्रश्नाइतकाच मजुरीचा प्रश्न आहे. परावर्तक अंगरखा, गाडी घसरू नये म्हणून चाकांना लावायचे ठोकळे, हाताला मोजे, उजेडासाठी दिवा, रस्त्यावर ठेवायचे चमकणारे त्रिकोण, या वस्तू म्हणजे उपकार नव्हेत. त्या नसतील तर काम नाकारण्याचा अधिकार कामगाराला असला पाहिजे आणि असा नकार ही बेशिस्त मानली जाता कामा नये. युनियनच्या मागणीपत्रात हे कलम पगारवाढीच्या कलमाशेजारीच बसले पाहिजे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप पैशाचा. महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींवर गेल्याचे शासनाच्या २०२५ च्या श्वेतपत्रिकेनेच सांगितले. अशा स्थितीत टोचनासाठी अवजड वाहने कोठून आणावीत? या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. हा तोटा आभाळातून पडलेला नाही. एसटीच्या प्रवाशाकडून शासन १७.५ टक्के प्रवासी कर घेत आले. डिझेलवर कर निराळा. सवलती शासनाने जाहीर केल्या आणि त्यांची भरपाई महामंडळाने मागत बसावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये सुमारे पंधरा टक्के भाडेवाढ प्रवाशाने सोसली. तेव्हा गरीब प्रवासी दोनदा देतो, एकदा तिकिटात आणि एकदा फाट्यावर काढलेल्या रात्रीत. शिवाय चुकीच्या टोचनाने जळालेला गिअरबॉक्स, वाकलेली पुढची धुरा आणि फाटलेला सांगाडा हाही तोट्यातच मोजावा लागतो. फक्त तो ‘दुरुस्ती खर्च’ या सदराखाली लपतो.

आणि सारी वाहने परदेशातून विकतच आणली पाहिजेत असे कोठे आहे? दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत; तेथे बसचे सांगाडे बांधले जात आले आहेत. मराठवाड्याच्या उशाशी चिकलठाण्याची कार्यशाळा आहे. भक्कम चासीवर उचलण्याची भुजा आणि रहाट बसवणे हे या कारागिरांच्या आवाक्याबाहेरचे काम नव्हे. त्याची भारक्षमता योग्य यंत्रणेकडून तपासून घेतली म्हणजे झाले. रस्ता वाहतुकीच्या प्रशिक्षणासाठी १९६७ पासून भोसरीला केंद्रीय संस्था आहे. ज्ञान आहे, हात आहेत, जागा आहे. उणीव आहे ती निर्णयाची.

दुसरा आक्षेप असा की, हे काम खाजगी क्रेनवाल्यांकडे सोपवावे. क्रेनवाला हा आपला शत्रू नाही. तोही बहुधा कर्ज काढून एक यंत्र चालवणारा छोटा माणूस असतो. मोठ्या अपघातात त्याचीच मदत सर्वांत आधी पोचते आणि त्याबद्दल कृतज्ञ राहावे. परंतु मध्यरात्री, रस्ता अडलेला असताना, सौदा कोणाच्या बाजूने झुकतो हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. शिवाय स्प्रिंग ब्रेक मोकळा करायचा की नाही, शाफ्ट सोडवायचा की नाही, याचे शिक्षण त्याला दिले कोणी? विभागाने त्याच्याशी आगाऊ दर ठरवावा, त्याच्या माणसांना प्रशिक्षण द्यावे आणि त्याला पूरक म्हणून वापरावे. मूळ जबाबदारी मात्र महामंडळाचीच राहिली पाहिजे. अग्निशामक बंब आपण भाड्याने मागवीत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत सयुक्तिक वाटणारा आहे: गाड्या जुन्या झाल्या म्हणून बंद पडतात, नव्या घ्या, टोचनाचा प्रश्नच मिटेल. जुन्या गाड्या काढल्याच पाहिजेत, ही मागणी आपण सोडलेली नाही. पण नवी गाडी बंद पडत नाही हा भ्रम आहे, आणि अपघात गाडीचे वय पाहून होत नाही. मार्च २०२५ मध्ये लातूर–नांदेड महामार्गावर नांदगाव पाटीजवळ दुचाकीस्वाराला वाचवताना एसटी उलटली आणि तीसहून अधिक प्रवासी जखमी झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुराचे पाणी असताना नांदेड–नागपूर मार्गावरील बस वाहून गेली आणि जीवितहानी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्याने पुराचे कसले थैमान पाहिले ते वाचकांच्या स्मरणात आहे. उलटलेली वा पाण्यात अडकलेली बस सरळ करणे, तिच्याखाली माणूस असल्यास ती अंगुळ-अंगुळ उचलणे, हे टोचनाच्या पुढचे पण त्याच विद्येतले काम आहे. ज्या विभागाला टोचन नीट येत नाही, त्याला हे कसे येणार?

उलट नव्या गाड्यांनी प्रश्न अधिक नाजूक केला आहे. जून २०२२ पासून एसटीत विजेवरच्या बस आल्या, आणि २०२३ मध्ये ५,१५० विजेच्या बस भाडेतत्त्वावर घेण्याचा निर्णय झाला. विजेच्या बसमध्ये मोटार सामान्यतः चाकांशी कायम जोडलेली असते. तिची चालती चाके जमिनीवर फिरवत ओढली, तर मोटार उलटी वीज निर्माण करू लागते आणि यंत्रणा जळण्याचा, आग लागण्याचा धोका संभवतो. तेथे दोराची युक्ती मुळीच चालणार नाही. चालती चाके उचलावी लागतील किंवा शाफ्ट सोडवावाच लागेल, आणि तत्पूर्वी उच्च दाबाची वीज तोडावी लागेल. शिवाय गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, प्रवासी मात्र एसटीचा. अशी बस लोह्याच्या अलीकडे बंद पडली, तर ती कोणी उचलायची? करारात हे स्पष्ट नसेल, तर दोन कार्यालयांचे फोन चालू राहतील आणि प्रवासी उभा राहील.

काय मागावे, कसे मागावे

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली, नांदेड आणि लातूर या दोन्ही विभागांत बसचे वजन पेलणारे किमान एक अवजड टोचन-वाहन चोवीस तास सज्ज असावे, आणि किनवट–माहूरच्या टोकासाठी तिसरे. दुसरी, प्रत्येक आगारात ताठ दांडा, हवेची नळी, चाकांचे ठोकळे, चमकणारे त्रिकोण आणि मागे लावायचा फलक असावा. ही सामग्री स्वस्त आहे आणि तिच्यासाठी अर्थसंकल्पाची वाट पाहण्याचे कारण नाही. तिसरी, ओढल्या जाणाऱ्या बसमध्ये प्रवासी बसवू नयेत, रात्री केवळ दोराने बस ओढू नये, आणि साधनाअभावी नकार देणाऱ्या कामगारावर कारवाई होऊ नये, असा लेखी आदेश विभाग नियंत्रकांनी काढावा. चौथी, टोचनाचे प्रशिक्षण घेतलेले दोन कारागीर प्रत्येक पाळीत असावेत. पाचवी, भाड्याच्या गाड्यांच्या करारात टोचनाची जबाबदारी आणि वेळेची मर्यादा लिहावी. सहावी, दरमहा किती गाड्या मार्गावर बंद पडल्या आणि प्रवाशांना दुसरी गाडी किती वेळात मिळाली, याचा तक्ता बसस्थानकावर लावावा. नफ्यातोट्याचे आकडे मुंबईत प्रसिद्ध होतात; हा आकडा गावात लागला पाहिजे.

मागण्या करण्यापूर्वी माहिती जमवणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. २००५ चा माहितीचा अधिकार हाताशी आहे. आपल्या आगारात उचलण्याची क्षमता असलेले वाहन आहे काय, असल्यास ते चालू स्थितीत आहे काय, गेल्या वर्षभरात किती वेळा निघाले आणि किती वेळा बाहेरची क्रेन बोलवावी लागली, हे चार प्रश्न एका अर्जात बसतात. अर्जाचे उत्तर येईपर्यंत आगारातील कारागिरांशी बोलावे. या विषयातील खरे तज्ज्ञ तेच आहेत आणि त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही. त्यांच्याकडून शिकलेले प्रवासी संघटनांना, महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना आणि ग्रामसभांना सांगावे. वाहक, कारागीर आणि प्रवासी हे एकमेकांवर चिडण्याऐवजी एका निवेदनावर सह्या करतील, तर ती सही कोणत्याही मोर्च्याइतकीच परिणामकारक ठरेल.

मराठवाड्याचा अनुशेष मोजताना आपण धरणे मोजतो, रस्त्यांचे किलोमीटर मोजतो, शाळाखोल्या मोजतो. ते मोजलेच पाहिजे. परंतु सार्वजनिक सेवेची परीक्षा ती सुरळीत चालू असताना होत नसते. गाडी धावत असते तेव्हा खाजगी आणि सरकारी यांतील फरक रंगाचा वाटतो. ती बंद पडते तेव्हा खरा फरक कळतो: खाजगी गाडीचा मालक आपली गाडी घेऊन जातो; सार्वजनिक गाडीने आपली माणसेही घेऊन गेली पाहिजेत. तेवढी व्यवस्था उभी करणे ही काही क्रांती नव्हे. पण जे सरकार दहा टनांची एक बस फाट्यावरून सुखरूप उचलू शकत नाही, त्याने जनतेला वर उचलण्याची भाषा जरा बेतानेच करावी.